माधव, नोंदी खुल्या केल्या

माधव, तुझ्या दहाव्याला मी आले नाही. सविता वहिनींना फोनवर सांगितलं, कॉलेजात परीक्षा चालू आहेत, सुट्टी मिळत नाही. सुट्टी मिळाली असती. लातूरहून देवणी काही लांब नाही. पण देवणीच्या स्टँडवर उतरलं की चार ओळखीची माणसं भेटणार, 'बाई, तुमचे डॉक्टर गेले की' म्हणून हात धरणार. तीन वर्षं मी तुझ्याशी धड बोलले नव्हते, हे त्यांच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या दुःखावर त्यांनी लगेच विश्वास ठेवला असता, आणि तेच मला नको होतं.

आता लिहायला बसले आहे. सांगायचं राहून गेलं ते सांगायचं आहे, आणि भांडणही थोडं शिल्लक आहे. तेवढं ऐकून घे.

मुदखेडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली मुलगी मी. आमच्याकडे जमीन नव्हती, म्हणून जनावरही नव्हतं. पशुवैद्यकीयला नंबर लागला तेव्हा घरातल्या सगळ्यांना आनंद झाला आणि मला धडकी भरली. पहिल्या वर्षी प्रात्यक्षिकाला सर म्हणाले, गाईची नाडी मोजा. मी मनगट शोधावं तसं गाईच्या पायाकडे बघत राहिले. मागून तू हळूच म्हणालास, "शेपटीखाली बघ." मला वाटलं चेष्टा करतोस. "लाथ मारेल ना!" मी म्हटलं. "मारंल की. म्हणून तर बाजूला उभं ऱ्हायचं." मग तू माझी दोन बोटं धरून शेपटीच्या बुडाशी नेऊन ठेवलीस. ती आतली धडधड बोटांना लागली तेव्हा मी हसले, आणि गाईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझी भीती त्या दिवशी गेली. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुझ्या दृष्टीनं ती गोष्ट सांगण्यासारखी नव्हतीच.

पुढे मी शिकत राहिले, पीएचडी केली, लातूरला आनुवंशिकी शिकवायला लागले. तू सरकारी दवाखान्यात रुजू झालास आणि देवणी तालुक्यातून हललाच नाहीस. बदली आली की कुणाकुणाच्या हातापाया पडून रद्द करून घ्यायचास. तुझ्या दवाखान्यातल्या लोखंडी कपाटात पुठ्ठ्याच्या वह्या होत्या. दवाखान्यात आलेली आणि गोठ्यावर जाऊन पाहिलेली प्रत्येक देवणी गाय तू त्यात लिहीत होतास. तिचं नाव, तिच्या आईचं नाव, वळू कोणता, वेत कितवं, म्हणजे कितव्यांदा व्याली, दूध किती, छातीचा घेर, अंगावरचे काळे ठिपके कुठे. हे काम तुला कुणी सांगितलं नव्हतं. वह्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मी खाली फरशीवरच बसले. एका जातीच्या गाईंच्या चार-चार पिढ्या, गावोगावच्या, एकाच माणसाच्या हातच्या. अशी नोंद माझ्या माहितीत कुणाकडेच नव्हती.

"हे काय आहे तुला कळतंय का?" मी विचारलं.

"गाई हायेत," तू म्हणालास.

मग आपले रविवार सुरू झाले. मी लातूरहून एसटीनं यायचे, तू स्टँडवर मोटरसायकल घेऊन उभा. वहिनींनी दिलेला डबा माझ्या मांडीवर आणि मोजायची फीत तुझ्या खिशात. तू मोजायचास, मी लिहायचे. संध्याकाळी लातूरला परतल्यावर माझ्या अंगाला शेणाचा वास यायचा आणि एसटीत शेजारची बाई पदर नाकाला लावायची. मला त्याचा अभिमान वाटायचा.

गयाबाईची गोष्ट त्याच दिवसांतली. तिच्या गोठ्यात तू तिच्या गाईच्या पाठीवर हात फिरवत होतास आणि ती उंबऱ्यावर बसून आपल्याला पाहत होती. मध्येच म्हणाली, "डाक्टर, किती वर्सं झाली, लिहून नेऊन राहिलात. माझ्या गाईचं समदं तुमच्याकडं. मला कुनी इचारलं तर तिच्या आजीचं नावबी सांगता येईना. ते मला कुटं बघायला भेटंल?"

तू काहीतरी उत्तर दिलंस, हसलासही. पण स्टँडवर मला उतरवताना म्हणालास, "तिचंच हाय गं ते. तिलाच बघायला भेटंना."

तिथून तुझं सुरू झालं. इंटरनेटवर अशा जागा असतात, जिथे संशोधक आपल्या नोंदी जशाच्या तशा ठेवतात. कुणीही उघडाव्यात, वापराव्यात, फक्त कुणाच्या आहेत ते सांगावं. हे तुला मीच सांगितलं होतं, एकदा डबा खाताना. तू ते धरून बसलास. तोवर तुझ्या बहुतेक वह्या माझ्या संगणकात चढल्या होत्या आणि त्यावरून मी एक पेपर लिहीत होते. राजा नावाच्या वळूचा. त्याच्या वंशातल्या कालवडी इतरांपेक्षा लवकर गाभण राहतात, असं त्या आकड्यांत दिसत होतं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम ते.

"नोंदी कधी खुल्या करायच्या?" तू दर रविवारी विचारायचास.

"पेपर छापून येऊ दे आधी."

"कधी येतोय?"

"येईल."

एक वर्ष गेलं, मग दुसरं. परीक्षकांचे शेरे आले, दुरुस्त्या आल्या, त्यात माझे बाबा आजारी पडले. बाबा रेल्वेत गँगमन होते हे तुला माहीत आहे. आमच्या घराण्यात छापील कागदावर नाव आलं होतं ते फक्त मतदार यादीत. दर आठवड्याला ते फोनवर विचारायचे, "छापून आलं का?" त्यांच्यासाठी मी घाई करायला हवी होती. उलट त्यांच्यासाठीच मी अडून बसले. सगळं बिनचूक झाल्याशिवाय पाठवायचं नाही म्हणून.

तू वैतागलास. "सुनंदा, गाई म्हाताऱ्या होऊन राहिल्या. ज्यांच्या गोठ्यात मोजल्या ती माणसं मरून राहिली. आकडा माझ्या कपाटात होता, आता तुझ्या कपाटात हाय. फरक काय पडला?"

आणि मग तू मला न विचारता त्या नोंदी खुल्या केल्यास. देवणीतल्या एका नेट कॅफेत बसून, मी तुला दिलेल्या प्रतीवरून, तिथल्या पोरांच्या मदतीनं. दोघांची नावं घातलीस, माझं आधी, तुझं नंतर. मला कळलं ते पाच महिन्यांनी, जेव्हा दूरच्या एका विद्यापीठातल्या चौघांचा पेपर छापून आला. राजाच्या वंशातल्या कालवडींवर. आपल्याच नोंदींवरून. त्यांनी काहीही चोरलं नव्हतं. आपले आभार मानले होते, नोंदी कुठून घेतल्या तेही नीट सांगितलं होतं. माझा पेपर मात्र परत आला. हे आता नवीन राहिलेलं नाही, असं संपादकांनी कळवलं. बाबा त्याच पावसाळ्यात गेले. शेवटच्या आठवड्यातही त्यांनी विचारलं होतं.

मी तुला फोन केला. काय बोलले ते तुला ठाऊक आहे, पण मला ते इथे लिहायलाच हवं. मी म्हटलं, "तू जनावरांचा डॉक्टर आहेस माधव. संशोधन काय असतं, ते तुला जन्मात कळणार नाही."

फोनवर तुझ्या मागे कुठेतरी म्हैस ओरडत होती. मग म्हणालास, "बरं."

एवढंच. मी फोन ठेवला.

त्या दिवशीच्या त्या वाक्याची लाज मला आजही वाटते. पण माधव, बाकीचं भांडण मी सोडलेलं नाही. तू मला विचारायला हवं होतंस. नोंदी गयाबाईच्या होत्या, तुझ्या होत्या, माझ्याही होत्या. आणि आणखी एक गोष्ट आहे, जी तुला कधी दिसली नाही. तुझं नाव तालुक्यात घरोघरी माहीत होतं. गावात तुझी जमीन होती, बापजाद्यांचं घर होतं. तुला छापील नावाची गरज नव्हती, म्हणून ते सोडून देणं तुला सोपं गेलं. माझ्याकडे मिळवण्यासारखं तेवढं एकच होतं. खुल्या मनाचं असणं सगळ्यांना सारखं परवडत नाही रे. यावर तू काय म्हणाला असतास? मी कितीदा तुझ्या बाजूनं उत्तर देऊन पाहिलं. जमत नाही. तुझी उत्तरं नेहमी माझ्या अंदाजापेक्षा लहान असायची.

तीन वर्षं गेली. दिवाळीला तुझा दोन शब्दांचा मेसेज यायचा, मी दोन शब्दांत उत्तर द्यायचे. माझे रविवार रिकामे झाले. मी मोबाइलवर देवणीची एसटी किती वाजता आहे ते बघायचे आणि बंद करायचे.

या उन्हाळ्याच्या सुरुवातीला तू अचानक माझ्या विभागात आलास. मी शिकवून बाहेर पडले तर व्हरांड्यातल्या बाकावर तू, मांडीवर एक प्लॅस्टिकची पिशवी. मला पाहून उठून उभा राहिलास.

"म्याडम, थोडं काम होतं," तू म्हणालास. "तुमची सही लागंल."

म्याडम तू मला चिडवायलाही म्हणायचास, मी प्राध्यापक झाल्यावर. पण ते चिडवणं असायचं, त्याच्यामागून 'तू' यायचं. या वेळी मागून 'तुम्ही' आलं. मीही म्हटलं, "या, बसा."

बसलास आणि पिशवीतून कागद काढलेस. बिदरकडच्या एका संशोधक बाईंनी तुला पत्र पाठवलं होतं. आपल्या खुल्या नोंदी त्या वापरत होत्या आणि एका ठिकाणी अडल्या होत्या. राजा वळू अमुक महिन्यात मेला अशी नोंद आहे. त्यानंतर दीड वर्षानंही त्याच्या नावावर वासरं जन्मलेली आहेत. हे कसं?

"मी जुन्या वह्या काढून बसलो," तू म्हणालास. "दोन राजा होते. एक आपला. दुसरा पलीकडच्या गावचा, त्यालाबी राजाच म्हणायचे. ती नोंद घेताना माझ्या डोक्यात आलंच न्हाई. दोघांची वासरं मी एकाच्या नावावर लिवली. चूक माझी हाय. तुमची न्हाई. तसं लिहून दिलंय. पण नोंदींवर नाव दोघांचं, म्हणून सही दोघांची लागती."

मी कागद वाचत राहिले. दोन राजा वेगळे केले की लवकर गाभण राहण्याची ती गोष्ट उरतच नव्हती. त्या चौघांचा पेपर चुकीचा होता. पुढे त्यांनी तशी दुरुस्ती छापलीही. आणि जो पेपर हातचा गेला म्हणून मी तीन वर्षं जळत होते, तोही तितकाच चुकीचा होता. तुझी वही माझ्या कपाटात राहिली असती, माझ्या नावानं तो छापून आला असता, तर ही चूक कुणाला दिसलीच नसती. लोक राजाच्या वंशातली कालवड मागायला लागले असते. एका परक्या बाईला ती दिसली, कारण तू दार उघडं ठेवलं होतंस.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. 'माधव, तू मला वाचवलंस' एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? मी पेन काढलं, सही केली, कागद तुझ्याकडे सरकवला आणि विचारलं, "चहा घेणार?"

"नको," तू म्हणालास. "आजकाल पोटाला सोसत न्हाई."

तुझ्या मनगटावरचं घड्याळ सैल होऊन पार कोपराकडे सरकलं होतं. ते मला दिसलं. दिसूनही मी विचारलं नाही. तू पिशवीची गाठ मारलीस, 'येतो' म्हणालास आणि जिना उतरताना कठड्याला धरून उतरलास. खिडकीतून मी तुला रस्ता ओलांडताना पाहिलं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

जून संपता संपता वहिनींचा फोन आला, तुला नांदेडला हलवलंय म्हणून. विष्णुपुरीच्या बाजूच्या त्या दवाखान्यात मी आले तेव्हा तुझी खोली पाहुण्यांनी भरली होती. देवणीची माणसं, तुझे चुलते, गावचे सरपंच. मला बसायला तुझ्या पायाशी जागा मिळाली. तू डोळे उघडलेस आणि म्हणालास, "सुनंदा, तू कधी आलीस?"

तू परत 'तू'वर आला होतास. मला रडू कोसळेल म्हणून मी खिडकीबाहेर बघितलं.

"शेवटच्या पाच वह्या ऱ्हायल्या गं," तू म्हणालास. "चढवायच्या ऱ्हायल्या. अक्षर लई खराब हाय. तुलाच लागतंय."

"घाई काय आहे? तू बरा हो. दोघं मिळून बसू."

तू माझ्याकडे बघितलंस. आयुष्यभर आजारी जनावरांच्या मालकांना तू खरं ते सांगत आलास, आडपडदा न ठेवता. तुझ्यासमोर मी डॉक्टर होऊन खोटं बोलले, हे तुला कळलं. तरी तू "हाव" म्हणून मान डोलावलीस. माझ्यासाठी. मग तुझे चुलते पुढे आले, नर्स आली, मी उठले. नऊ दिवसांनी तू गेलास.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी देवणीला आले. वहिनींनी वह्या आधीच काढून ठेवल्या होत्या, एका स्वच्छ टॉवेलात बांधून.

"ते म्हणाले होते, सुनंदा येईल," वहिनी म्हणाल्या. "कधी येईल ते इचारू नको, पण येईल."

मी त्यांना सगळं सांगितलं. फोनवर काय बोलले होते तेही. त्यांनी ऐकून घेतलं.

"मला माहीत हाय ताई. तेव्हा दोन दिवस जेवले न्हाईत. मी म्हटलं, इचारायचं तरी होतं तिला. तर म्हणले, इचारलं असतं तर ती नको म्हणाली असती."

बघ, तू नाहीस तरी तुझं उत्तर आलं, आणि नेहमीसारखं लहानच. खरं आहे. मी नको म्हटलं असतं. आणि तरीही तू विचारायला हवं होतंस. आपण दोघंही इथेच थांबलो आहोत.

त्यानंतरचे चार रविवार मी त्या वह्या घेऊन गावोगाव फिरले. तुझा आग्रह होता की नोंदींत गाई पाळणाऱ्यांची नावं यावीत. मी ती काढून नुसते क्रमांक घातले होते, माणसांच्या घरची गोष्ट जगासमोर मांडू नये म्हणून. तुझंही बरोबर होतं, माझंही. म्हणून या वेळी विचारलं. एक जण म्हणाला, "आमचं नाव नको, कोन कुठून येऊन काय इचारंल." त्याचा क्रमांक घातला. एक म्हातारी म्हणाली, "गाईचं टाका की, माझं कशाला?" मी दोघींचं घातलं. गयाबाई आता अंथरुणावर असते. तिच्या सुनेनं मला गोठ्यात नेलं. तिथे भिंतीवर, प्लॅस्टिकमध्ये घालून, तू छापून दिलेला कागद खिळ्याला लावलेला होता. गाय, तिची आई, आजी, पणजी. "डाक्टर स्वतः लावून गेले," सून म्हणाली. कधी, ते तिला आठवत नव्हतं. आपलं बोलणं बंद झाल्यानंतरच असेल. तू मला सांगितलं नव्हतंस. सांगणार तरी कसं? मी फोन कुठे उचलत होते?

तुझं अक्षर मला लागलं. बहुतेक सगळं. 'गा' म्हणजे गाभण, 'वि' म्हणजे विकली, आडवी रेघ म्हणजे मेली. पण शेवटच्या वहीत, फक्त त्याच वहीत, काही गाईंच्या नावापुढे तू एक छोटा गोल काढला आहेस. पेन्सिलीनं. सतरा गाईंपुढे. मी वयं ताडून पाहिली, दूध पाहिलं, रंग पाहिले, गावं पाहिली. काहीच जुळत नाही. वहिनींना विचारलं. तुझ्या दवाखान्यातल्या कंपाउंडरना विचारलं, त्यांनी मान हलवून वही परत दिली. त्या सतरांतल्या ज्या गाई अजून आहेत, त्यांच्या गोठ्यांत जाऊन उभी राहिले. नुसत्या गाई. रवंथ करणाऱ्या. तू त्यांच्यात काय पाहिलं होतंस?

काल सकाळी पाचही वह्या खुल्या केल्या. त्यांच्यावर मी काही लिहिलेलं नाही, लिहायला थांबलेही नाही. कुणाला आधी काही सापडलं तर सापडू दे. नोंदींसोबत एक पान जोडावं लागतं, त्यात प्रत्येक खुणेचा अर्थ लिहायचा असतो, म्हणजे वापरणाऱ्याला कोडं पडू नये. मी एकेक लिहीत गेले. गा, वि, आडवी रेघ. मग त्या गोलापाशी थांबले. अंदाजानं काहीतरी लिहिता आलं असतं. 'उत्तम गाय' असं लिहिलं असतं तर कुणी शंका घेतली नसती. पण चूक कशी पुढे जाते, ते आपण दोघांनी पाहिलं आहे.

म्हणून लिहिलं, 'गोल: अर्थ माहीत नाही. नोंद करणारे डॉक्टर आता हयात नाहीत.'

तुझ्याबद्दल तसं पहिल्यांदाच लिहिलं माधव, आणि ते पान सगळ्यांना वाचता येईल असं ठेवलं.